आजींची लघवीची तपासणी आणि चौदा गोळ्या : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. या प्रकरणातील रुग्ण ६८ वर्षांच्या गृहिणी आहेत. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले असून येथे त्यांना केवळ आजी म्हटले आहे. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यासाठी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेत असत. वजन ५८ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) १.०, गुडघे दुखरे. गावी त्या थोरला मुलगा आणि सूनबाई यांच्यासोबत राहतात, तर धाकटा मुलगा पुण्यात नोकरी करतो.

मार्च महिन्यात या धाकट्या मुलाने आईसाठी ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज नोंदवले आणि प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त-लघवीचे नमुने घेऊन गेला. अहवालात लघवीतील पस सेल्स (पू-पेशी) १०–१२ आणि त्यापुढे ‘बॅक्टेरिया’ असा लाल अक्षरातला शेरा होता. त्यावरून प्रयोगशाळेनेच कल्चर, म्हणजे नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, सुचवले, ते करण्यात आले आणि त्यात ई. कोलाय हा जिवाणू दर मिलिलिटरला एक लाखाहून अधिक संख्येने आढळला. अहवाल आधी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला, मागोमाग धाकट्या मुलाचा फोन आला आणि संध्याकाळी थोरला मुलगा आजींना घेऊन दवाखान्यात आला.

“आजी, लघवीला जळजळ होते का? सारखं सारखं जावं लागतं? ओटीपोटात दुखतं? ताप?”

“काही नाही हो डॉक्टर. गुडघ्याचं काय ते बघा.”

त्या दिवशीचा सर्वांत महत्त्वाचा तपासणी अहवाल म्हणजे आजींचे हे उत्तर होते. मी ते ऐकले, केसपेपरवर ‘लघवीचा त्रास नाही’ असे लिहिले आणि त्याच्याच खाली सेफिक्सिम हे अँटिबायोटिक २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, सात दिवस, अशा चौदा गोळ्या लिहून दिल्या. हे प्रकरण येथून सुरू होते, आणि सुरुवात माझ्या हातून झाली आहे.

समस्या

लघवीत जिवाणू आहेत पण रुग्णाला कोणतेही लक्षण नाही, ही अवस्था वयस्क स्त्रियांमध्ये सर्रास आढळते आणि मधुमेह असेल तर अधिकच आढळते. तेथे जिवाणू वस्ती करून असतात, पण आजार करत नाहीत. सोबत पस सेल्स दिसल्या तरी निदान बदलत नाही. अशा अवस्थेत अँटिबायोटिकचा उपयोग सिद्ध झालेला आहे तो मुख्यतः दोन प्रसंगी : गरोदरपणात, आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला इजा होईल अशी शस्त्रक्रिया करण्याआधी. इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना मधुमेही रुग्णांबाबत स्पष्टपणे सांगतात की लक्षणे नसतील तर असे जिवाणू शोधायलाही जाऊ नये आणि सापडले तरी औषध देऊ नये. मधुमेही स्त्रियांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही औषध दिलेल्या गटाला पुढच्या संसर्गापासून संरक्षण मिळाले नव्हते. हे मला ठाऊक होते. तरीही मी औषध दिले, कारण अहवालातली अक्षरे लाल होती, बाहेर वीस-पंचवीस माणसे ताटकळत होती आणि फोनवरचा मुलगा विचारत होता, “डॉक्टर, किडनीपर्यंत गेलं तर?” ‘औषध नको’ हे पटवून द्यायला दहा मिनिटे लागतात आणि औषध लिहायला अर्धे मिनिट.

चौथ्या दिवशी आजींना जुलाब सुरू झाले. आठ गोळ्या झाल्या होत्या. त्यांनी आपणहून औषध थांबवले आणि उरलेल्या सहा गोळ्या सूनबाईंनी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवल्या, ज्यात घरातली तापाची, पित्ताची, अंगदुखीची अशी सगळीच उरलीसुरली औषधे असत. जूनमध्ये पहिल्या पावसात थोरल्या मुलाला सर्दी-खोकला झाला तेव्हा त्याने ‘डॉक्टरांचीच गोळी आहे’ म्हणून त्यातल्या चार घेतल्या. सर्दी विषाणूची होती, ती तिच्या वेळेनुसार बरी झाली आणि श्रेय गोळीला मिळाले. डब्यात दोन उरल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आजींना खरोखरच उन्हाळी लागली. थेंब थेंब लघवी, जळजळ, रात्रीतून सात-आठ वेळा उठणे. मार्चमध्ये नसलेली सगळी लक्षणे आता होती, आणि नेमके आता कोणीही लघवी तपासली नाही. दोन दिवस धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा झाला. मग डब्यातल्या दोन गोळ्या झाल्या. गुण येईना म्हणून थोरला मुलगा मेडिकलमध्ये गेला आणि ‘उन्हाळीवर जरा पॉवरची गोळी द्या’ असे म्हणाला. त्याला ओफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल अशा दुहेरी औषधाच्या दहा गोळ्या मिळाल्या. हे मिश्रण आपल्याकडे जुलाबासाठी वारेमाप विकले जाते. त्यातील ऑर्निडाझोलचा ई. कोलायवर काहीही परिणाम होत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात अशी मिश्रणे ‘शिफारस नसलेली’ या गटात मोडतात.

तिसऱ्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, आजी अंथरुणावर उठून बसलेल्या सूनबाईंना दिसल्या. पोलके घामाने चिंब झाले होते, हात थरथरत होते आणि त्या माहेरच्या कुणाला तरी हाका मारत होत्या. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून ग्लुकोमीटर लावला. साखर ४८ होती. तीन चमचे साखर घातलेले पाणी पाजल्यावर वीस मिनिटांत आजी भानावर आल्या. ओफ्लोक्सासिनच्या कुळातील औषधे मधुमेहाच्या गोळ्यांसोबत, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळीसोबत घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यात मळमळीमुळे आजींचे दोन दिवस जेवणही नीट झाले नव्हते. मेडिकलच्या काउंटरवर ‘आजींना शुगर आहे का’ हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि चिठ्ठीच नसल्यामुळे तो विचारणारे दुसरे कोणी नव्हते.

सकाळी त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा हुडहुडी भरून ताप १०२.८ होता, नाडी ११८, रक्तदाब १००/६०, दोनदा उलटी झालेली, आणि उजव्या कुशीत पाठीच्या बाजूने हलके थोपटले तरी त्या कळवळत होत्या. संसर्ग मूत्राशयातून मूत्रपिंडापर्यंत चढला होता. मार्चमध्ये मुलाला वाटलेली भीती जुलैमध्ये खरी ठरली, आणि मार्चच्या औषधाने तिला अडवले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दवाखान्यातच सलाईन लावून सेफ्ट्रियाक्झोन सुरू करण्याचा होता. गावोगावी हेच केले जाते, मीही अनेकदा केले आहे. परंतु सेफ्ट्रियाक्झोन आणि सेफिक्सिम एकाच घराण्यातील औषधे आहेत. गेल्या चार महिन्यांत रुग्णाने कोणते अँटिबायोटिक घेतले आहे, हा पुढचे औषध निवडताना विचारायचा पहिला प्रश्न असतो, कारण त्याच औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे राहण्याची शक्यता वाढलेली असते. त्याच कारणाने ओफ्लोक्सासिनच्याच कुळातील सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन बाद झाली, आणि साखरेची रात्र ताजी असताना ती तशीही नको होती.

नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन ही मूत्राशयाच्या साध्या संसर्गावर अतिशय चांगली औषधे आहेत. पण ती तोंडावाटे घेतल्यावर लघवीत साठतात, मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये पुरेशी पोचत नाहीत. चार दिवस आधी, केवळ जळजळ असताना, यातील कोणतेही एक औषध पुरले असते. आता ती वेळ निघून गेली होती.

राहिले अमिकासिनचे इंजेक्शन आणि कार्बापेनेम गटातील औषधे. अमिकासिन माझ्या कपाटात होते, परंतु ते मूत्रपिंडाला इजा करू शकते आणि क्रिएटिनिनचा निकाल हाती नव्हता. कार्बापेनेम माझ्याकडे नव्हते आणि उतरता रक्तदाब पाहता ही रुग्ण दवाखान्यात ठेवण्यासारखी नव्हती.

केलेली कार्यवाही

कोणतेही औषध टोचण्यापूर्वी कल्चरसाठी लघवी आणि रक्ताचे नमुने घेतले. अँटिबायोटिकचा एक डोस गेला तरी कल्चर कोरे येऊ शकते, आणि मग पुढचे सगळे अंदाजाने चालते. सलाईन सुरू केली, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही थांबवली, नमुने सोबत देऊन आजींना मिरजेला एका रुग्णालयात पाठवले आणि तेथील फिजिशियनना फोन करून आधी घेतलेल्या सर्व गोळ्यांची यादी सांगितली. ही यादी करण्यासाठी सूनबाईंना तो बिस्किटांचा डबाच घेऊन यायला सांगितले होते. रिकाम्या पट्ट्या त्यात होत्या म्हणून मला जूनमधल्या चार गोळ्यांचा हिशोब लागला.

मिरजेत क्रिएटिनिन १.९ आले आणि पांढऱ्या पेशी १७,८०० होत्या. सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड सुजलेले होते, मात्र खडा किंवा अडथळा नव्हता. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १३० मिलिलिटर लघवी शिल्लक राहत होती. फिजिशियननी कल्चरची वाट न पाहता कार्बापेनेम गटातील अर्टापेनेम सुरू केले. या औषधाची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा १ ग्रॅम असते. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेली मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे २६ मिलिलिटर भरत असल्याने पहिले दोन दिवस ती निम्मी, म्हणजे ५०० मिलिग्रॅम ठेवली. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.३ वर आले, क्षमता ३८ च्या आसपास गेली आणि मात्रा पूर्ण करण्यात आली.

त्याच दिवशी कल्चरचा निकाल आला. ई. कोलायच होता, पण आता ईएसबीएल प्रकारचा. सेफिक्सिम, सेफ्ट्रियाक्झोन यांसारखी औषधे मोडून टाकणारे विकर हा जिवाणू तयार करतो. ओफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि को-ट्रायमोक्साझोल यांनाही तो दाद देत नव्हता. अमिकासिन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन, फॉस्फोमायसिन आणि कार्बापेनेम एवढीच औषधे चालण्यासारखी होती. रक्तात जिवाणू वाढले नाहीत. ताप उतरला की इंजेक्शनवरून गोळीवर यावे हा नियम येथे पाळता आला नाही, कारण मूत्रपिंडात पुरेशी पोचेल अशी चालणारी गोळीच उरली नव्हती.

चौथ्या दिवशी आजी घरी आल्या. पुढचे तीन दिवस त्या रोज सकाळी दहाला रिक्षाने माझ्याकडे येत आणि अर्ध्या तासात इंजेक्शन घेऊन जात. हाताला लावून ठेवलेली सुई पदराआड धरून त्या बाकावर बसत, आणि शेजारच्या बाईने विचारले की ‘काही नाही, उन्हाळी लागली होती’ एवढेच सांगत. अर्टापेनेमच्या एका कुपीची किंमत त्यांच्या महिनाभराच्या मधुमेहाच्या गोळ्यांपेक्षा किती तरी जास्त होती.

औषध किती दिवस द्यायचे यावर घरी वाद झाला. धाकट्या मुलाचे म्हणणे होते की एवढा हट्टी जिवाणू आहे तर चौदा दिवस द्या. फिजिशियन आणि मी सात दिवसांवर थांबलो, कारण ताप तिसऱ्या दिवशी उतरला होता, अडथळा नव्हता, रक्त निर्जंतुक होते आणि अशा स्थितीत सात दिवस पुरतात. जास्त दिवस म्हणजे जास्त खात्री, हे गणित अँटिबायोटिकला लागू पडत नाही. लघवीसाठी घेतलेले औषध आतड्यातही जाते. तेथील साधे जिवाणू मरतात, न जुमानणारे उरतात आणि मोकळी झालेली जागा व्यापतात. स्त्रियांमध्ये लघवीचा पुढचा संसर्ग बहुधा याच आतड्यातल्या जिवाणूंकडून येतो.

परिणाम

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ वर स्थिरावले. ग्लिमेपिराइड कायमचे बंद करून त्याऐवजी लिनाग्लिप्टिन दिले. औषध संपल्यावर ‘जंतू गेले का’ हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करावे असा आग्रह मुलांनी धरला, तो मी मानला नाही. लक्षणे गेली होती, आणि कल्चरमध्ये काही आले असते तर आम्ही पुन्हा मार्च महिन्यात जाऊन पोचलो असतो.

त्याऐवजी संसर्ग का झाला याकडे वळलो, जे मी आधी कधीच विचारले नव्हते. आजींच्या घरचा संडास परसात आहे, पायऱ्या तीन आणि गुडघे दुखरे. रात्री उतरावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसत आणि लघवी दाबून ठेवत. थोरल्या मुलाने पायरीला लोखंडी कठडा बसवला आणि खोलीत कमोडची खुर्ची आणली. लघवी झाल्यावर दोन मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सवय लावली. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम सुरू केले. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये वारंवार होणारा मूत्रसंसर्ग त्याने कमी होतो.

डिसेंबरमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी फिटनेस मागण्यात आला तेव्हा पुन्हा लघवीची तपासणी झाली आणि पस सेल्स १५–२० आल्या. नेत्र रुग्णालयातून निरोप आला की आधी ‘युरिन इन्फेक्शन क्लिअर’ करून पाठवा. मी आजींना तेच प्रश्न विचारले, उत्तरे तीच आली, आणि या वेळी मी चिठ्ठीवर लिहिले की रुग्णास मूत्रसंसर्गाचे कोणतेही लक्षण नाही, अँटिबायोटिकची आवश्यकता नाही, शस्त्रक्रियेस हरकत नाही. नेत्रतज्ज्ञांशी फोनवर दहा मिनिटे बोलावे लागले. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. लघवीचे जिवाणू जेथे होते तेथेच राहिले असावेत.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

हे प्रकरण मी सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा बहुतेकांचा पहिला शेरा असतो की आजींनी कोर्स अर्धवट सोडला म्हणून हे झाले. मला तसे वाटत नाही. क्षयरोगात उपचार अर्धवट सोडणे घातक असते, आणि स्ट्रेप्टोकोकसमुळे आलेल्या घशाच्या संसर्गात पेनिसिलिन दहा दिवस घ्यायचे तेही सकारण. पण आजींचा जो कोर्स मुळात गरजेचाच नव्हता तो पूर्ण केल्याने काय साधले असते? सात दिवस घेतले असते तर आतड्यातील जिवाणूंना आणखी तीन दिवस सेफिक्सिमचा मारा बसला असता. चूक चौथ्या दिवशी झाली नाही, पहिल्या दिवशी झाली. मार्चच्या औषधामुळेच जुलैचा जिवाणू ईएसबीएल झाला, असे एका रुग्णावरून सिद्ध करता येणार नाही, कारण असे जिवाणू समाजात आधीच पसरलेले आहेत. संधी मात्र आम्ही दिली, तीही तीन वेळा.

मार्चमध्ये लक्षण नाही हे कळल्यावर औषधाऐवजी एक वाक्य लिहून द्यायला हवे होते : जळजळ, वारंवार लघवी किंवा ताप आल्यास त्याच दिवशी यावे. ते वाक्य घरात असते तर जुलैमध्ये पहिल्याच दिवशी आजी आल्या असत्या. तेव्हा त्यांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ४९ मिलिलिटरच्या आसपास होती, म्हणजे कल्चर पाठवून जेवणानंतर नायट्रोफ्युरॅन्टॉइन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस, एवढ्यावर भागले असते. जुलैच्या जिवाणूवर हे औषध चालत होते, हे कल्चरने नंतर दाखवलेच.

औषधविक्रेत्याबद्दल घरच्यांचा राग मोठा होता. नियमाने पाहिले तर तो योग्यच आहे. ओफ्लोक्सासिन शेड्यूल एच मध्ये येते आणि चिठ्ठीशिवाय देता येत नाही. सेफिक्सिम तर १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मध्ये आहे. त्याच्या विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. पट्टीवरची लाल उभी रेघ चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये हे सांगण्यासाठीच असते. परंतु तो विक्रेता जे चिठ्ठीशिवाय करत होता ते मी चिठ्ठीवर केले होते, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार लिहिताना माझा हात थबकला. नंतर मी त्याच्याशी बोललो. आता ‘उन्हाळीची गोळी’ मागणाऱ्या बाईला तो निदान मधुमेहाबद्दल विचारतो आणि तापाबद्दल विचारून माझ्याकडे पाठवतो. सगळ्यांना पाठवत नाही, हे मला माहीत आहे.

एका निर्णयाबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. त्या सकाळी कल्चर घेऊन झाल्यावर मिरजेला निघण्यापूर्वी अमिकासिनचा एक डोस द्यायला हवा होता का? वाटेत आणि दाखल होण्यात मिळून दीड तास गेला. रक्तदाब उतरत असताना दीड तास लहान नसतो, आणि जिवाणू अमिकासिनला दाद देणारा होता हे नंतर कळले. एका डोसने मूत्रपिंडाला होणारी इजा बहुधा नगण्य असते. दुसऱ्या बाजूला क्रिएटिनिन त्या क्षणी माहीत नव्हते आणि ते १.९ निघाले. फिजिशियनांच्या मते डोस द्यायला हवा होता. पुढच्या वेळी मी देईन असे वाटते, नमुने घेतल्यानंतरच.

आजींच्या घरातला तो डबा आता रिकामा असतो. माझ्या चिठ्ठ्यांवर गोळ्यांची नेमकी संख्या आणि शेवटच्या गोळीची तारीख असते, आणि उरल्या तर परत आणाव्यात असे सांगतो. काही जण आणतात. यंदाच्या मार्चमध्ये धाकट्या मुलाने पुन्हा पॅकेजचा अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पस सेल्स होत्या, लाल शेरा होता. मी उलट विचारले, “आजींना काही त्रास?” थोड्या वेळाने उत्तर आले, “नाही. आई म्हणते गुडघ्याचं बघा.”